मेण लावायच्या आधी

पुष्पा नळाजवळ पडली तेव्हा तिच्या नवऱ्यानं दुधाची रिकामी पिशवी हातात मोज्यासारखी घातली होती आणि डोळे मिटून तो गाडीच्या बोनेटवरून हात फिरवत होता. मी कुंपणावरून ओरडले, "भाऊराव, पुष्पाचं तोंड वाकडं झालं! गाडी काढा!"

गाडी निघण्यासारखी नव्हतीच. काचांच्या रबराला, दारांच्या फटींना, सगळीकडे मेण जाऊ नये म्हणून कागदी पट्टी चिकटवलेली. भाऊराव ती काढायला लागले, तेही नखानं, हळूहळू.

"ओढली तं डिंक राह्यते, वैनी."

"राहू द्या डिंक! बायको जाऊन राह्यली तुमची!"

शेवटी मीच रस्त्यावर जाऊन यवतमाळची जीप अडवली, आतली माणसं उतरवली. भाऊराव तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पिशवी हातात तशीच. त्याच हातानं तिचा गाल चाचपत होते. मी म्हटलं, आता तरी काढा ती. त्यांना ऐकूच गेलं नाही.

हे भाऊराव दारव्ह्यातले आमचे शेजारी. कचेरीतून निवृत्त झाले आणि एक जुनी लाल गाडी घेतली. माणूस गाडी घेतो ती बसायला. यांनी घेतली घासायला. आधी धुवायची. मग कणकेच्या गोळ्यासारखी एक माती मिळते, ती साबणाच्या पाण्यात भिजवून रंगावर फिरवायची, म्हणजे रुतलेली धूळ ओढून येते. मग स्पिरिटानं पुसायचं. मग हातात पिशवी घालून तपासायचं, कारण पिशवीतून बारीक खरखरसुद्धा बोटांना कळते म्हणे. तेवढं झालं की मेण. मेणाचा डबा डिक्कीत तयार होता. उघडला कधीच नाही.

"अंग साफ झाल्याबिगर मेण नाही," हे त्यांचं पालुपद. "मळावर मेण लावलं तं मळच चमकते, वैनी."

आणि अंग काही साफ होत नसे. कापसाच्या दिवसांत जिनिंगचा तूस उडून बसायचा. उन्हाळ्यात धूळ. पावसाळ्यात हवा ओली. दसऱ्याला सारं गाव गाड्यांना हळदकुंकू लावतं. हळद रंगात मुरते म्हणून भाऊराव डिक्की उघडून स्टेपनीची पूजा करायचे. पुष्पा आरती घेऊन टायरासमोर उभी.

"हे चाक तं कधी रस्त्यावर गेलंच नाही," ती म्हणायची.

"बाकीचे कुठं गेले?" मी म्हणायची.

गाडी घेतली होती पुष्पाला माहेरी, नेरला, न्यायला. लग्नानंतर भाऊराव पहिल्यांदा सासरी गेले ते स्कूटरवर. धुळीनं भरलेले. तिच्या धाकट्या भावानं स्कूटरवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं, "पाहा वो, जवाई वावर घेऊन आले!" पोरगं होतं, हसलं, विसरलं. भाऊराव विसरले नाहीत. त्यानंतर नेरला जाताना फाट्यावर उतरून आधी बूट पुसायचे. गाडी आली तेव्हा म्हणाले, आता चमकत जाऊ. तोवर पुष्पा एसटीनं जात राहिली.

दवाखान्यातून पुष्पा घरी आली. डावा हात निकामी झाला. भाऊरावांनी त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या ओढून काढल्या. डिंक राहिला. मी म्हटलं, आता न्या तिला.

"नेतो ना वैनी. हा डिंक तेवढा काढतो."

"कायले काढता? तिले डिंक दिसत नाही, माहेर दिसते."

"कापूस सरू द्या. मग नेतोच."

कापूस सरायच्या आत भाऊराव गेले. सकाळी गाडीजवळ स्टूल घेऊन बसले होते, तसेच कलंडले. मला त्यांचा राग आला होता, अजून येतो.

तेरवी झाल्यावर पुष्पाला न्यायला तो भाऊ आला. आता त्याचेही केस पांढरे. त्यानं गाडीवरची चादर काढली, बोनेटवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. काहीच लागलं नव्हतं.

"भाऊजीनं मेण लावलेलं दिसते, ताई."

पुष्पानं माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली.

तो चावी आणायला आत गेला. स्टुलाखाली पिशवी पडली होती. पुष्पानं ती दातांत धरून उजव्या हातात चढवली आणि बोनेटवरून फिरवली, मग दारावरून, मग पुन्हा बोनेटवरून.

"गुळगुळीत आहे वो, वैनी. कुठंच लागत नाही."

भावानं गाडी सुरू केली. ती पुढच्या सीटवर बसली, पिशवी हातात तशीच, आणि गाडी नेरकडे निघाली.

नळाजवळ पडली होती ती पुष्पा. जगली तीच.