पेटीतून दिसलेलं शिरगाव

जादूगार वामनकुमारने टेम्पोतून पेटी उतरवली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "काय सुंदर गाव हाय ना!"

"मला काय म्हाईत?" चंद्रकांता म्हणाली. "मी पेटीत असते."

बाईचं काही खोटं नव्हतं. कुंभवलीच्या या जादूगाराचा सीझन म्हणजे उन्हाळ्यातली लग्नं. "चल, समुद्र दाखवतो, डोंगर दाखवतो" असं सांगून तो बायकोला सोबत न्यायचा, मांडवात पोचला की पेटीत घालायचा आणि खेळ संपला की टेम्पोत. केळवे झालं, डहाणू झालं, जव्हार झालं. चंद्रकांतेने तिन्ही ठिकाणचं प्लायवूड पाहिलं.

या खेपेला तिने बजावलंच होतं, "शिरगावचा किल्ला बघितल्याबिगर मी परत यायची नाय."

"खेळ झाला का लगेच!" वामन म्हणाला. ते 'लगेच' ती लग्न झाल्यापासून ऐकत होती.

मांडव विपुलच्या हळदीचा होता. नवरदेव बनियनवर पाटावर बसलेला, शेजारी हळदीची वाटी घेऊन त्याची आत्या गोजराबाई. आधी खेळ, मग हळद, असं ठरलेलं. वामनने चंद्रकांतेला पेटीत उभं करून दार लावलं. पेटीला मागे झडप होती आणि झडपेमागे पडदा. तिने झडपेतून सटकायचं, मांडवाला वळसा घालायचा आणि पाहुण्यांच्या मागून "मी इथं हाय!" म्हणून ओरडायचं. जादू काय ती एवढीच.

वामनने कांडी फिरवली, दार उघडलं. पेटी रिकामी. टाळ्या पडल्या.

"आता बघा मागं!"

सगळ्यांनी मागे बघितलं. मागे आचारी कांदा चिरत होता. तो उगाचच लाजला.

वामनने दार लावलं, पुन्हा उघडलं. पेटी रिकामीच. तो मनातल्या मनात ओरडला. गेली! किल्ल्यावर गेली! पण झडपेचं गुपित फोडलं तर धंदाच बसला. म्हणून तो छाती काढून म्हणाला, "ती गेलीय पाताळात!"

"पाताळात?" गोजराबाई ताडकन उठली. "आणि कुंकू न लावता? अरं मेल्या, हळदीच्या मांडवातून सवाशीण बिनकुंकवाची गेली! आता पोराला हळद कशी लावू मी? आण तिला आदी!"

"येईल हो मावशी. पाताळ जरा लांब हाय."

"मंग कुंकू तिकडं धाड."

बायकांनी हळदीकुंकवाचं तबक पेटीत ठेवलं. वामनने कांडी फिरवली, दुसरं करणार काय? दार उघडलं तर तबक जागच्या जागी. ओटी भरली नाही म्हणून घेत नसेल, असं एकीला वाटलं; नारळ आणि खण आत गेला. मग कुणाला तरी वाटलं, भुकेली असेल बिचारी. भात आणि बोंबलाचं कालवण आत गेलं. पुन्हा दार, पुन्हा कांडी.

या वेळी दार उघडलं, तर पेटीत एक मांजर कालवण चाटत होतं. झडप उघडी राहिली होती, हे एकट्या वामनलाच ठाऊक.

"अगं बाय!" गोजराबाईने कपाळाला हात लावला. "बाईची मांजर केली यानं!"

"आत्या, हळद सुकली," नवरदेव कुरकुरला.

"गप बस! सवाशीण हाय ती." गोजराबाई पुढे झाली आणि तिने मांजराला रीतसर कुंकू लावलं. मांजराने ते सहन केलं, एक बोंबील तोंडात धरला आणि पेटीच्या अंधारात गडप झालं.

"परत गेली पाताळात! आरं, ही रुसलीय. काय केलंस रं तिला?"

साऱ्या बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वामनला रडूच फुटलं. "किल्ला दाखवतो म्हणालो होतो... नाय दाखवला. कदीच काय नाय दाखवलं!"

"मंग जा तिकडं. पाय धर आणि घेऊन ये!"

आणि बायकांनी जादूगाराला त्याच्याच पेटीत ढकलून दार लावलं.

वामनने झडपेत डोकं घातलं, खांदे घातले आणि पोटापाशी घोडं अडलं. झडप चंद्रकांतेच्या मापाची होती. अर्धा वामन पेटीत आणि अर्धा पडद्यामागे लोंबत राहिला. समोरून चंद्रकांता ताडगोळे खात येत होती.

"काय वो हे?"

"ओढ मला! लवकर!"

"थांबा, हात चिकट हायेत." ती निवांत दगडावर बसली. "किल्ला लई झ्याक हाय. वरून समुद्र दिसतो, होड्या दिसतात. तुमी खरंच सांगत होतात, सुंदर गाव हाय."

"चंद्रे, चुकलो गं! पुढल्या खेपेला आदी गाव, मग खेळ. तुझी शप्पत!"

तेवढ्यात तिकडे कुणीतरी दार उघडलं. पेटीत फक्त दोन पाय आणि झगमगीत झग्याचा घेर.

"अर्धा गेला!" मांडव ओरडला आणि अशा टाळ्या पडल्या, की तशा वामनकुमारच्या नशिबी कधी आल्या नव्हत्या. चंद्रकांतेने तोंड पुसलं, मांडवाला वळसा घातला आणि मागून ओरडली, "मी इथं हाय!" गोजराबाईने तिला कुंकू लावलं, ओटी भरली, शेपूट नाही याची खात्री केली आणि मगच विपुलला हळद लागली. वामनला तिघांनी तेल लावून बाहेर काढलं.

आता सगळ्यांना 'अर्धा जादूगार'च हवा असतो. परवा मासवणला खेळ होता. कांडी चंद्रकांतेच्या हातात होती आणि वामन झडपेत. वामनने शप्पत पाळली होती, खेळाआधीच तिला गाव दाखवलं होतं. पण तेव्हा नदीवर कडक ऊन होतं, म्हणून ऊन उतरल्यावर ती खेळ चालू असतानाच पुन्हा जाऊन आली. येताना पडद्यामागे वाकून म्हणाली, "काय सुंदर नदी हाय ना वो!"

"मला काय म्हाईत?" वामन म्हणाला.