शून्य पायऱ्या

"शून्य म्हणजे शून्य. मी सांगितलं तेव्हा तीन होत्या, कबूल. पण तुम्ही बघायला आलात तेव्हा एक तरी दिसली का? मग खोटारडा कुणाला म्हणता?"

ठिणगी आबा छताला सुनावत होता. ज्यांना सुनावायचं त्या व्यायामवाल्या बाई केव्हाच शेजारच्या खोलीत गेल्या होत्या. आबाचा उजवा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर पाहुण्यासारखा मांडलेला.

झालं असं, त्याच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथून तिला चालायला शिकवणाऱ्या या केंद्रात आणलं. महिनाभर आबा स्वतःच्या हातचं खात होता (कुत्र्यानं दुसऱ्याच दिवशी शेजार धरला). घर खायला उठलं होतं. बायको कधी येते असं झालं होतं. अशात बाईंनी फॉर्म काढला.

"घराला पायऱ्या किती?"

"कशाला पाहिजे?"

"असतील तर आजींना चढता येईपर्यंत सोडता येणार नाही."

"एकही नाही."

बायकोनं चादरीतून डोकं काढलं. "अहो, पण..."

"तू पड गप."

"छान," बाई म्हणाल्या. "उद्या दहाला घर बघून जाते."

दुसरा कुणी ओशाळून खरं बोलला असता. आबानं घरी जाऊन पहार काढली. बापानं बसवलेल्या दगडी पायऱ्या, पण दिवस मावळायच्या आत तिन्ही उखडून गोठ्यामागं टाकल्या. आता म्हातारी घरात चढणार कशी, हा विचार त्याला शिवला नाही. (फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता.)

सकाळी दहाला गाडीचा हॉर्न वाजला. आबा धुतलेला सदरा घालून, पन्नास वर्षांच्या सवयीनं, ऐटीत बाहेर पडला. पहिली पायरी नव्हती. दुसरी नव्हती. तिसरीच्या जागी आबा होता.

बाईंनी आधी त्याचा पाय बघितला, मग दाराखालच्या तीन पायऱ्यांच्या खुणा. "आजोबा, खोटारडे आहात," त्या म्हणाल्या आणि फॉर्मवर तीन लिहिलं.

पुढं गवंड्यानं दाराला कठड्यासकट उतार बांधला. परवा बायको वॉकर धरून त्यावरून घरात गेली. आणि आबा दवाखान्यातून इथं आला, तिच्याच खाटेवर.

त्यानं फोन लावला. "मला सोडायला सांग यांना."

"घरी येणाऱ्या नर्सनं फॉर्म दिलाय," बायको निवांत म्हणाली. "तो भरल्याशिवाय सोडत नाहीत. पेशंट सांगितलेलं किती ऐकतो, दहापैकी मार्क द्यायचेत."

"मग दे की."

"दिले. शून्य."

आबाच्या कपाळाची शीर उडायला लागली. पण पाय उशीवर होता आणि पहार घरी.

"पेनानं लिहिलंस?"

"पेनानं."

"मग त्या शून्याच्या आधी एक लिही. आणि गाडी पाठव."