चौघांची एकच यादी

सकाळी नऊ वीसला सिग्नीचा एडिटर तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा तिने कीबोर्ड असा ढकलला की कॉफी मांडीवर सांडली. प्रोग्राम लिहायचं हे सॉफ्टवेअर ती सतरा वर्षं वापरत होती. आज मात्र फाइल साठवायला गेलं की पडदा दोन क्षण गोठे आणि सगळंच नाहीसं होई. ना कारण, ना दिलगिरी.

"निर्लज्ज!" ती म्हणाली.

"कोण, मी?" शेजारच्या टेबलावरून कर्टिसने विचारलं.

"तू तर आहेसच. पण आत्ता हा एडिटर."

तेवढ्यात लॉर्नाचा फोन आला. हे चार माणसांचं ऑफिस तिचं होतं. "सिग्नी, दोनच्या आत दुरुस्ती शहराकडे गेली पाहिजे हं. संध्याकाळपासून चौदा इंच बर्फ सांगितलाय. मी दाताच्या डॉक्टरकडे चाललेय, दोनला घरून बसते."

बर्फ काढणाऱ्या गाड्यांनी कुठून कुठे जायचं, ते या ऑफिसचा प्रोग्राम ठरवायचा. सध्या तो दोन गाड्या एकाच चढावर पाठवत होता, आणि डायलिसिस केंद्राच्या गल्लीत एकही नाही. उद्या सकाळी सहाला त्या गल्लीत एकोणीस माणसं पोचायची होती.

"साध्या नोटपॅडमध्ये लिही ना," कर्टिस म्हणाला.

"मागे लिहिलं होतं. चाचणीत अकराच्या अकरा गाड्या सरोवरात गेल्या होत्या."

दोष एडिटरचा नसावा, त्यात वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांपैकी, म्हणजे प्लगइनपैकी, कुणाचा तरी असावा, हे सिग्नी जाणून होती. असली बत्तीस प्लगइन होती. एक कंसांना रंग देई, एक शब्द तपासे, एक पडद्यावर नुसतंच मांजर चालवी. ते मांजर कर्टिसने आणलं होतं. उपाय ठरलेला होता. सगळी बंद करायची, मग निम्मी चालू करायची. बंद पडलं तर गुन्हेगार त्या निम्म्यांत. मग त्यांची निम्मी. पाच फेऱ्यांत चोर हातात.

पहिल्या सोळांत काही झालं नाही. आणखी आठ चालू केली, तरीही नाही. मग ती कॉफी आणायला उठली, परत येऊन बसली, कशालाही हात न लावता फाइल साठवली, आणि एडिटर गडप झाला.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला पहिल्याच सोळांत बंद पडला. त्याच सोळांत, ज्यांना तासापूर्वी तिने निर्दोष सोडलं होतं! तिसऱ्यांदा तर सगळी बंद असताना पडद्याच्या तळाशी ते मांजर चालत गेलं.

"कर्टिस, तुझं मांजर मेल्यावरही चालतंय."

"त्याचं नाव नको घेऊस. माझं आज आपोआप गायब होतंय, मला परत परत आणावं लागतंय," कर्टिस दुखावून म्हणाला. पलीकडे मॉरीन दात आवळून काहीतरी टाइप करत होती. ती साठीची होती, चर्चमध्ये पियानो वाजवायची, आणि रागावली की जास्तच गोड बोलायची. सकाळपासून तिने दोनदा "किती छान दिवस आहे" म्हटलं होतं.

अकरा वाजेपर्यंत सिग्नीने कंसांना रंग देणाऱ्या प्लगइनच्या कर्त्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं. 'तुमच्या बेजबाबदारपणामुळे आजारी माणसांचा रस्ता अडणार आहे,' असं त्यात होतं. हा गृहस्थ नॉर्वेत राहत होता. त्याचं उत्तर पाऊण वाजता आलं.

"ऐका," सिग्नी उभी राहिली. "'माझ्याकडे तर नीट चालतंय.' एवढंच! खाली हसरा चेहरा! हे वाक्य उच्चारायला आपल्या ऑफिसात बंदी आहे, आणि हा मला तोंडावर—"

"बंदी कशामुळे आली होती गं?" मॉरीनने विचारलं.

"म्हणजे काय? कुणाला तसं म्हणताच येऊ नये म्हणून आपण चौघांची यादी एक केली. एकाने प्लगइन चालू केलं की सगळ्यांकडे चालू, एकाने बंद केलं की..."

ती थांबली.

"सिग्नी," कर्टिस हळूच म्हणाला, "तू सकाळपासून काही बंद करत होतीस का?"

"तू?"

"माझाही एडिटर पडत होता. म्हटलं उगीच कशाला सांगायचं, तू आधीच चिडलेली."

दोघांनी मॉरीनकडे पाहिलं. "मीही निम्मी निम्मीच करत होते," ती म्हणाली. "कुणाला त्रास नको म्हणून गप्प राहिले."

"अरे, भांडा ना! ओरडा!" सिग्नी ओरडली. "चार तास तिघं एकमेकांचे दिवे मालवतोय आणि वर छान दिवस, छान दिवस! हात वर करा. दोघंही. कीबोर्डपासून लांब!"

बँकेवर दरोडा पडावा तसे दोघं हात वर करून बसले. सिग्नीने एकटीने निम्मी केली. सोळा, आठ, चार, दोन. वीस मिनिटांत एकच उरलं.

त्याचं नाव होतं 'का'.

कर्टिस स्वतःच्या वर केलेल्या हातांकडे बघू लागला. 'का' हे अर्विडने लिहिलं होतं. अर्विड म्हणजे सिग्नीचे वडील. एकतीस वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावर काम करून ते एप्रिलमध्ये वारले. फाइल साठवली की त्यांचं प्लगइन 'का?' असं विचारी, आणि बदलाचं कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. ते होते तोवर सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. नंतर ते काढायला कुणी धजावलं नाही.

"ती कारणं साठायची कुठे?" मॉरीनने विचारलं.

"बाबांच्या मशीनवर. त्या टेबलाखाली." सिग्नीने टेबलाखाली पाहिलं. तिथे धुळीचा एक चौकोन होता. "शनिवारी त्यांचं सामान मी घरी नेलं. मशीनसकट. म्हणजे आता 'का' कारण ठेवायला जातं आणि मशीनच सापडत नाही."

कुणावर तरी चिडावं म्हणून ती क्षणभर थांबली, पण समोर कुणीच उरलं नव्हतं. तिने 'का' बंद केलं. गल्ली प्रोग्राममध्ये घातली, चाचणी घेतली, फाइल साठवली. ती लगेच साठली. कुणी काही विचारलं नाही. एक बावन्नला दुरुस्ती शहराकडे गेली.

"हात खाली घेऊ का?" कर्टिसने विचारलं.

सिग्नीने मान हलवली. तिघांनी आपापली फाइल साठवली, तोच एडिटर एकदमच बंद पडले आणि फोन वाजला. मॉरीनने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अर्विडचं प्लगइन कुणी बंद केलं?" लॉर्नाचा आवाज दाताच्या इंजेक्शनने जड झाला होता, तरी संताप स्पष्ट कळत होता. "मी आत्ता परत चालू केलंय. खबरदार पुन्हा हात लावाल तर! त्या पोरीला काय वाटेल, कुणाला काही आहे का?"

सिग्नी फोनजवळ गेली. "मीच बंद केलं, लॉर्ना."

"अगं बाई," लॉर्ना म्हणाली.

"राहू दे चालू. मशीन माझ्या तळघरात आहे. घेऊन येते." तिने कोट चढवला.

"आत्ता?" कर्टिस म्हणाला. "अगं, येईपर्यंत बर्फ सुरू होईल."

"होऊ दे. गाड्या कुठून जाणार ते मला पाठ आहे," सिग्नी म्हणाली आणि किल्ल्या घेऊन निघाली.