आकाशातून पडलेला बंब

एका खासगी कंपनीचा अग्निबाण अवकाशात जायला निघाला आणि सेनगाव तालुक्यात पोचला. दिवस उन्हाळ्याचे. तुरी, कापूस केव्हाच घरी आलेले, रानं मोकळी, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. पुसेगावच्या वरच्या आकाशात मोठा धडाका झाला, धुराची एक वाकडी रेघ उठली आणि एका म्हशीने त्या दिवशी धार द्यायला साफ नकार दिला. तिची नोंद ‘अप्रत्यक्ष बाधित’ अशी करण्यात आली.

संकट मोठं असल्याने ताबडतोब ‘अवकाशजन्य अवशेष शोध, संकलन व समन्वय कक्ष’ स्थापन झाला. नाव एका पाटीवर मावेना, म्हणून दोन पाट्या केल्या. कक्षाला बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम मिळालं, दोन जीपगाड्या मिळाल्या आणि एक कक्षप्रमुख साहेब मिळाले. साहेब कामसू होते. त्यांनी दोन्ही जीपगाड्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या डांबरी रस्त्यांवरून फिरवल्या आणि वर कळवलं, की रस्त्यावर एकही अवशेष आढळून आला नाही. वरून विचारणा झाली, रस्ता सोडून पाहिलं का? साहेबांनी नियम काढून पाहिले. रस्ता सोडून पाहण्याची तरतूद त्यात कुठेही नव्हती.

अशा वेळी प्रशासनाला जनता आठवते. साहेबांनी माळरान पक्षीमित्र मंडळाच्या अध्यक्षांना बोलावणं धाडलं.

अध्यक्ष म्हणजे धम्मानंद. हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून आठ-नऊ जणांना घेऊन माळावर भटकायचा. मंडळातली सगळ्यात महागडी दुर्बीण कापड दुकानदार पुनमचंदची होती. नाश्त्याची पिशवी कुणाच्या खांद्यावर आहे, हे त्याला तिच्यातून अर्ध्या कोसावरून दिसत असे.

साहेबांचं बोलावणं आलं तेव्हा धम्मानंद वेगळ्याच काळजीत पडला. पुसेगावच्या पलीकडे लाल मुरमाचा एक माळ आहे. लोक त्याला पडीक म्हणतात. त्या माळावर धाविक पक्ष्याची जोडी अंडी घालून बसली होती. तांबूस छातीचा, डोळ्यावर पांढरी रेघ ओढलेला हा लहानसा पक्षी उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो. घरटं बांधायच्या भानगडीत तो पडत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. अंडी इतकी खड्यांसारखी, की पाय पडला तरी पडणाऱ्याला कळू नये. धम्मानंद या जोडीची कित्येक वर्षं वाट पाहत होता. पहिल्यांदा अंडी दिसली तेव्हा तो हरखून गेला होता, आणि जागा त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. आता त्या माळावर सगळा तालुका लोटणार, या विचाराने त्याला जेवण जाईना.

“तुमच्याकडे दुर्बिणी आहेत, बूट आहेत आणि रविवार आहे,” साहेब म्हणाले. “शासनाकडे यातलं काहीच नाही.”

“आमी येऊ की साहेब. फक्त तो पुसेगावच्या पलीकडचा लाल माळ मी एकटाच बघतो. तिथं गर्दी नको.”

“कारण?”

“तिथली जमीन नाजूक हाय.”

साहेबांनी ‘भूस्तर नाजूक’ असं लिहून घेतलं आणि शोधमोहीम सुरू झाली.

आता पक्षी बघणाऱ्यांच्या काही सवयी असतात. पहिली, कुजबुजत बोलायचं. दुसरी, दिसलेल्या वस्तूच्या जवळ जायचं नाही. तिसरी, ज्याने त्याने आपापली नोंद करायची. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: जागा कुणालाही सांगायची नाही, मग समोर सख्खा भाऊ असला तरी. मंडळाने या चारही सवयी इमानेइतबारे पाळल्या. बोरीच्या झुडपात पत्र्याचा एक तुकडा चमकला, तर सगळं मंडळ अर्धा तास पालथं पडून त्याच्याकडे बघत राहिलं. हललो तर उडून जाईल म्हणून. संध्याकाळी प्रत्येकाने कक्षाला आपापला आकडा कळवला. पुनमचंदने कळवलं, “कुल पाच. दो जोडीने, बाकी अकेले. अन्नपाणी घेताना दिसले नाहीत.” तेच ते तुकडे सगळ्यांनी पाहिले होते आणि सगळ्यांनी मोजले होते. कक्षाने बेरीज केली, एकतीस भरली, आणि ‘एकतीस अवशेष आढळले, ठिकाण गोपनीय’ असा अहवाल वर गेला. वर ‘गोपनीय’ हा शब्द फार आवडला.

धम्मानंदने मात्र शून्य कळवलं होतं. लाल माळावर त्याला बैलगाडीच्या चाकाएवढं एक चकचकीत कडं मुरमात तिरपं रुतलेलं दिसलं होतं. अंड्यांपासून हाताच्या अंतरावर. मादी कड्याच्या सावलीत अंड्यांवर बसली होती आणि भर उन्हात तिला इतकी सोयीची जागा आयुष्यात कधी मिळाली नसावी. धम्मानंदच्या डोळ्यांपुढे क्रेन आली, बंदोबस्त आला, पाहणी दौरा आला, दौऱ्यामागून वडापावची गाडी आली. त्याने कागदावर ‘लाल माळ: निरंक’ असं लिहून खाली सही ठोकली.

चार दिवसांनी कंपनीची इंजिनिअर आली. प्रतिक्षा तिचं नाव. मंडळाने बऱ्याच विनवण्यांनंतर जागा सांगितल्या होत्या आणि गोदामात सहा तुकडे जमा झाले होते. ते बघून ती म्हणाली, “सर, इकडे आमचे सातच तुकडे पडलेत. एक राहिला. बाकीचा अग्निबाण समुद्रात गेला.”

“असं कसं? आम्ही एकतीस कळवलेत.”

“मग आकडा दुरुस्त करा ना.”

साहेबांनी तिच्याकडे करुणेने पाहिलं. “ताई, अग्निबाण तुमचा असेल. आकडा शासनाचा आहे.”

एकतीस कळवलेले आणि सहा मिळालेले, म्हणजे पंचवीस अवशेषांची तूट निघाली. तुटीवर शासनाकडे एकच औषध असतं, ते म्हणजे उद्दिष्ट. पंचवीस अवशेष लोकसंख्येच्या प्रमाणात गावांना वाटून देण्यात आले आणि मुदत घालून दिली. गावं कामाला लागली. ट्रॅक्टरचे सायलेन्सर आले, डिश अँटेना आल्या, कुट्टी मशीनचं चाक आलं. एका गावाने उद्दिष्टाच्या दुप्पट अवशेष जमा केले. त्याला ‘अवशेषसमृद्ध गाव’ म्हणून गौरवलं, आणि जास्तीचे तुकडे मागे पडलेल्या गावाच्या नावावर टाकले.

शेवटचा, एकतिसावा अवशेष काही केल्या मिळेना. मग कुणाचं तरी लक्ष मिराबाईच्या अंगणात गेलं. मिराबाई धम्मानंदच्या शेजारची म्हातारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात उभी.

“सर, माझा बंब नेला की वो त्या लोकायनं!”

“बंब? काहून?”

“म्हने, वरून पडलाय. आवं, माझ्या लग्नात बापानं देलेला तांब्याचा बंब हाय त्यो, वरून कसा पडंल? मी म्हनलं, बाबांनो, ह्याच्यात खालून जाळ घालत्यात, वरून धूर निघतो. तर म्हने, आजी, रॉकेटचंबी तसंच असतंय. तुमी शिकलेले हाव, तुमीच सांगा, आता मी आंघुळीचं पानी कशात तापवू?”

धम्मानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरा सातवा तुकडा आपण दडवला आणि म्हातारीचा बंब गेला, हे त्याला सरळ दिसत होतं. तो तडक गोदामात गेला. तिथे प्रतिक्षा बंबासमोर उभी होती.

“सर, हा पाणी तापवायचा बंब आहे,” ती सांगत होती.

“ते तुमचं तांत्रिक मत झालं,” साहेब म्हणाले. “प्रशासकीयदृष्ट्या तो इंधनकक्ष आहे.”

“साहेब, म्हातारीचा बंब वापस करा,” धम्मानंद म्हणाला. “खरा तुकडा लाल माळावर हाय. मी बघितला होता. माझी चूक झाली.”

साहेबांनी कागद उलटले. “गुरुजी, एकतीस पूर्ण झालेत. आता बत्तिसावा निघाला, तर आधीचा अहवाल चुकीचा ठरतो. आणि लाल माळ निरंक असल्याचं तुमचंच प्रमाणपत्र आहे. सहीसकट. तुम्ही स्वतःच्या सहीवर अविश्वास दाखवताय?”

प्रतिक्षाने काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात तिला वरून फोन आला. पडले त्यापेक्षा जास्त तुकडे परत मिळवणारी ही पहिलीच कंपनी ठरली होती आणि तिचे मालक फार खुशीत होते. प्रतिक्षाने तोंड मिटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर धम्मानंद मनातून सुटकाच मानणार होता. कडं माळावरच राहिलं, म्हणजे सावलीही राहिली. मिराबाईला आपण नवा बंब घेऊन देऊ, असं त्याने ठरवून टाकलं. पण एकतीस अवशेष जमले की ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर ‘अवकाश अवशेष उद्यान’ असं निघतं. उद्यानात लेकरंबाळं येणार. तेव्हा जागा अशी हवी, की जिथे आकाशातून काहीही पडलेलं नाही, याचा लेखी पुरावा आहे. असा पुरावा सगळ्या तालुक्यात एकाच माळाचा होता.

धम्मानंद धापा टाकत साहेबांसमोर उभा राहिला. “साहेब, पाया पडतो, तो माळ सोडा. तिथं धाविकाची अंडी हायेत. दुर्मीळ पक्षी हाय तो.”

“दुर्मीळ?” साहेबांचे डोळे चमकले. “मग हे आधी नाही का सांगायचं? जागा दाखवा. त्या जागेची आपण विशेष काळजी घेऊ.”

आयुष्यात पहिल्यांदा धम्मानंदने जागा दाखवली. साहेबांनी अंड्यांभोवती पांढऱ्या फक्कीचं वर्तुळ आखून घेतलं. धम्मानंदला वाटलं, चला, माणूस समजूतदार निघाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला तो सरळ वर्तुळातच उतरला. तिथे धाविकाचा सिमेंटचा पुतळा व्हायचा होता. पुतळा दुसरीकडे बसवा, असं कंत्राटदाराने सुचवून पाहिलं, पण साहेब तत्त्वाचे पक्के. पक्षी जिथे आहे तिथेच पुतळा हवा, जनतेची दिशाभूल नको. कंत्राटदाराला कडंही सापडलं. त्याने विचारलं तेव्हा तिथे काहीच नसल्याचं त्याला दप्तर बघून सांगण्यात आलं, म्हणून त्याने ते झेंडूच्या वाफ्याला बसवलं. धाविकाची जोडी दिवसभर उकरलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्याभोवती पळत राहिली. धम्मानंद लांब बांधावर बसून ते बघत होता आणि रडत होता. बघणाऱ्यांना वाटलं, उद्यान झाल्याचा आनंद आहे.

उद्घाटनाला त्याला शाल आणि नारळ मिळाला. नको म्हणायचं त्याने ठरवलं होतं. पण समोर फोटोवाला होता, हेडमास्तर होते, टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्याने मान खाली घालून शाल घेतली. शिवाय त्याला उद्यानाचा ‘मानद मार्गदर्शक’ नेमण्यात आलं.

उद्यान मात्र छान चाललं आहे. तुम्हीही मागच्या रविवारी सहकुटुंब येऊन गेलात. बंबाला टेकून तुम्ही मुलांना समजावलं, की यात इंधन भरतात. सिमेंटच्या त्या बदकासमोर तुम्हाला सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता आणि काढायला कुणी नव्हतं, म्हणून दुर्बीण लटकवून उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात तुम्ही मोबाइल दिलात. पाठ असलेली माहिती तो सांगायला लागला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ते राहू द्या हो, निसर्ग आम्हाला भारी आवडतो. थोडं मागं सरकू का? चौथऱ्यावर उभं राहिलं तर चालेल?”

“राहा की,” धम्मानंद म्हणाला. “आता तिथं काही न्हाई.”