शेपूट धरणारी पट्टी

गुरुवारी क्लबच्या कार्यशाळेत पत्र आलं: क्लबकडे होतं त्या जातीच्या पहिल्या दोनशे ग्लायडरांची, म्हणजे बिनइंजिनी विमानांची, शेपूट धरणारी पट्टी बदलल्याशिवाय उड्डाण बंद. एबरहार्ड कोल्बनी ते दोनदा वाचलं. त्यांचा उड्डाणाचा परवाना शनिवारी संपत होता आणि डॉक्टरांनी पुढचा द्यायला साफ नकार दिला होता. म्हणजे शनिवारी शेवटचं उडायचं, नाहीतर कायमचं जमिनीवर.

"आपला नंबर दोनशे एकोणीस," क्लबच्या अध्यक्षा हाइड्रुन म्हणाल्या. "सुटलो. चला, कॉफी घेऊ."

"थांबा जरा." एबरहार्डनी जुनी वही काढली. एक्क्याऐंशी साली शेपूट मोडली होती आणि मोडीत निघालेल्या सत्त्याऐंशी नंबरची शेपूट या ग्लायडरला बसवली होती. नोंद सुवाच्य होती, कारण ती त्यांनीच केली होती.

"ही वही तुमच्याशिवाय कुणी उघडली असती का हो?"

"मी उघडली ना."

जुनी पट्टी तीन मिलिमीटर जाड, नवी चार. मोजायची तर शेपूट उतरवायला हवी. क्लबातले चौघे पाने घेऊन पुढे आले, पण एबरहार्ड कसले हात लावू देतात! बोल्ट त्यांनी सोडले, जाडी त्यांनी मोजली. चार भरली, म्हणजे पट्टी कधीतरी आधीच बदलली गेली होती. सक्तीची दुरुस्ती लागू नव्हती. शेपूट परत बसवलीही त्यांनीच.

"आता तपासणीची सही कोण करणार?" हाइड्रुननी शांतपणे विचारलं.

क्लबचे तपासनीस एबरहार्डच, आणि आपल्या कामावर आपली सही चालत नाही. याच नियमावर बोट ठेवून त्यांनी गेल्या वर्षी शेजारच्या क्लबच्या वोल्फ्रामचं ग्लायडर तीन आठवडे अडवलं होतं. जवळपास दुसरा तपासनीस म्हणजे नेमका वोल्फ्राम.

तो शनिवारी दहाला आला, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि खुर्चीतून न उठता सही ठोकली. "जा, ऊड. आभाळ बघ कसलं झकास आहे."

"तू बघितलंस कुठे?"

"तुझं काम चाळीस वर्षं बघतोय."

"ते चालत नाही. खोड ती सही आणि नीट तपास."

"वेड लागलंय का तुला? आज शेवटचा दिवस ना तुझा?"

"माझा. उद्यापासून यात दुसरे बसणार आहेत."

वोल्फ्राम शिव्या देत वाकला. बऱ्याच वेळानं त्याच्या शिव्या थांबल्या. बोल्ट निसटू नये म्हणून लावायची बारकी पिन एका ठिकाणी नव्हतीच. एबरहार्डनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना फार लाज वाटली.

 वोल्फ्रामनं पिन लावली. हे काम त्याचं, म्हणून त्यावर सही एबरहार्डची, बाकीवर त्याची. एबरहार्डनी हात फिरवून पिन तीनदा चाचपली. सगळी शेपूट पुन्हा तपासून होईस्तोवर संध्याकाळचे सहा वाजले आणि ग्लायडरला वर उचलणारी गरम हवा पार मेली.

"मागे बस," एबरहार्ड म्हणाले.

"मी कशाला?"

"सही तुझी आहे."

वोल्फ्राम मागे बसला. चार मिनिटांत ते खाली आले. एबरहार्ड बराच वेळ सीटवरून उतरलेच नाहीत, आणि मागच्यानंही घाई केली नाही.