मॅकवर चालत नाही

आमचे भोयर सर कंपायलरशी, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामशी, बोलतात. तेही गॅलरीपर्यंत ऐकू येईल असे. "काहून बोंबलून राहिला गा? काल तर मुकाट्यानं खाल्लं ना हेच." खाली भाजी घेणाऱ्या बायकांना वाटतं, सरांकडे कोणी हट्टी पाहुणा उतरला आहे.

आम्ही बेसा वस्तीत शेजारी राहतो. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले, एकटे. मी भिवापूरकडचा, घरातला पहिला पदवीधर. नोकरीत टिकलो, कारण सरांनी चहा पाजत पाजत मला एरर वाचायला शिकवलं.

त्यांची मुलगी प्राजक्ताताई इंजिनीअरिंगला असताना बापलेकीने मिळून सी भाषेत एक लायब्ररी लिहिली. म्हणजे मोजमापांच्या मोठमोठ्या फायली वाचणारा तयार कोड, जगात कोणीही फुकट वापरावा, सुधारावा असा. अडचण एवढीच की तो लिनक्स, विंडोज आणि मॅक, तिन्ही प्रकारच्या संगणकांवर कंपाइल व्हावा लागतो.

"लिनक्स घरचा माणूस, शिळं बी खाते," सर सांगतात. "विंडोज म्हणजे साहेब, त्याले सारं त्याच्याच ताटात पायजे. अन् मॅक म्हणजे जावई. जरासं कमीजास्त झालं का तोंड फुगवते."

सरांकडे मॅक नाही. ताईकडे आहे. ती हॅम्बुर्गला असते. तिच्या लग्नाच्या वेळी सर नको ते बोलले आणि फोन बंद झाले. "बोलून गेलो गा," एवढंच ते मला सांगतात. पण ताईच्या कामात ती लायब्ररी अजून आहे. सरांनी काही बदललं आणि तिच्याकडे अडलं की लायब्ररीच्या इंटरनेटवरच्या पानावर तक्रार येते: 'मॅकवर चालत नाही.' खाली एररच्या ओळी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सर दुरुस्त करून लिहितात, 'आता पाहावे.' ती लिहिते, 'चालतंय.' तो एक शब्द दाखवायला सर माझ्या दारात येतात.

एकदा मी म्हटलं, "सर, कोड चढवला की तिन्हीकडे आपोआप तपासून मिळतो. मी लावून देऊ का? ताईंचा त्रास वाचेल."

"माहीत आहे मले. पोरांले मीच शिकवलं ते." सर कप विसळत राहिले. "सारं चाललं, तर ती कायले लिहीन गा?"

दिवाळीनंतर त्यांनी एक सुधारणा चढवली. त्यात मॅकला लागणारी एक ओळ मुद्दाम गाळली. लिनक्स तेवढं चालवून घेतो. मी शेजारीच बसलो होतो, त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. मग जेवतानाही ते पान समोर उघडं.

तक्रार आली नाही. ब्राझीलमधल्या कुण्या अनोळखी माणसाने ती ओळ जोडून, तिन्हीकडे तपासून, दुरुस्तीच पाठवून दिली. सोबत लिहिलं होतं, इतकी चांगली लायब्ररी सांभाळता, त्याबद्दल आभार.

सरांनी ती दुरुस्ती दोनदा वाचली. नाकारायला काही कारण नव्हतं. "भला माणूस आहे," ते म्हणाले आणि स्वीकारली. त्याचे आभारही मानले, अगदी सविस्तर. मग चष्मा काढून मला विचारलं, "तिकडं आता किती वाजले असतीन?"

मी हॅम्बुर्गची वेळ सांगितली. दुपारचा एक.

"जेवली असंन मंग," सर म्हणाले.