पाच शार्प

हरिकाका तांडेल नुसतं ‘सात वाजले’ असं कधी म्हणत नाहीत. ‘सात शार्प’ म्हणतात. तारापूरच्या आमच्या कारखान्यात ते टाइम ऑफिसात, मी लॅबमध्ये. कुंभवलीत खोल्याही शेजारी. म्हणजे शार्प मला दोन्हीकडे.

काकी म्हणतात, “यांना भूक बी शार्प लागते. डाळ शिजली नसली तरी लागते.”

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, शिकवल्याशिवाय राहवत नाही. एकदा काका म्हणाले, “दिवाळीत शार्प येतो तुज्याकडे फराळाला.”

मी म्हटलं, “काका, शार्प घड्याळाच्या आकड्याला लावतात. आठ शार्प म्हणजे आठच, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. दिवाळीला शार्प नसतो.”

“बीएस्सी, तू पेपर लिवून पास झालास. मी एकतीस वर्सं गेटवर लेटमार्क लिवतोय. शार्प काय ते मला नको सांगू.”

एवढा घड्याळाचा माणूस. पण त्यांच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत पेन्सिलीने त्यांच्या गावच्या, मुरबे बंदरातल्या भरतीची वेळ लिहिलेली असते. रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी. गेल्या आठवड्यात मी चेष्टा केली, “काय काका, समुद्रालाही लेटमार्क?”

ते हसले नाहीत.

“बाबा दर्यावर जायचं सोडनार होते. शेवटचा फेरा. म्हनाले, ‘भरतीला ये, एकदा सुकाणू धर.’ माजी ड्युटी चारला सुटायची. मी निरोप धाडला, पाच शार्पला येतो. कोळ्याचा पोर मी, पन भरतीची तिथी नाय बघितली. पानी सव्वाचारलाच भरलं. ओहोटी लागली की आमच्या खाडीतून बोट निघत नाय. किती थांबनार?” ते घड्याळाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले. “मी पोचलो तवा बोट खाडीच्या तोंडाशी. बाबा हात हलवत होते. जातो म्हनत होते का ये म्हनत होते, कळलं नाय. त्याच फेऱ्यात छातीत कळ येऊन गेले.”

मग म्हणाले, “मी लेट नव्हतो, बीएस्सी. पाच शार्प होते.”

काकांच्या थोरल्या भावाने तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता इतक्या वर्षांनी त्याचाच फोन आला होता. नवी बोट पाण्यात उतरवायची होती. ‘शनिवारी भरतीला ये,’ एवढंच बोलला आणि ठेवला. काकांना एकट्याने जायचा धीर होईना. “तू बी चल,” म्हणाले.

शनिवारी सकाळी उठतो तर त्यांच्या खोलीला कुलूप. फोन लावला. पलीकडे नुसता वारा.

“काका, भरती दोनची ना? मग किती वाजता पोचू?” मी विचारलं, आणि ‘शार्प’ची वाट बघत राहिलो.

“वाजता-बिजता नाय रे,” काका म्हणाले. “आमी दोघं भाऊ इथं किनाऱ्यावरच बसलोय. पानी अजून लांब हाय. तरी तू आत्ताच नीघ.”